मूळ की खोड

तालमीच्या कट्ट्यावर टीव्ही आणून ठेवलाय,
वायर मंडपवाल्या बिर्ज्यांची, वीज गुरवाच्या घरातली.
रविवारची सगळी बेळगुंदी जमलीय
आणि पुढच्या खुर्चीत मष्णू पैलवान,
गुडघ्यांवर हात ठेवून,
दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला आल्यासारखा.

शूटिंग दीड महिन्यापूर्वीच झालं, बेंगळूरला.
निकाल त्याला ठाऊक आहे.
पण कागदावर सही घेतली म्हणे, आधी कुणाला सांगायचं नाही.
बायकोनं विचारलं, नातवानं विचारलं,
पंचायतीच्या सेक्रेटरीनं चहा पाजून विचारलं,
जितलास काय हारलास, एवढंच सांग की रे.
तो म्हणतो, बघूया की रविवारी.
जसं काही त्यालाही आमच्याबरोबरच कळणार आहे.

पडद्यावर चौघं जुने खेळाडू.
कोडगूचा गोलकीपर, मैसूरची थाळी फेकणारी बाई,
मंगळूरचा पोहणारा, अजून सडसडीत,
आणि आमचा, सुनेनं इस्त्री केलेल्या शर्टात.
फेटा नको म्हणाले, मागचं दिसत नाही.
एक पोरगी त्याच्या कानात बारकं यंत्र बसवतेय.
ते बसेना.
उजव्यात नाही, डाव्यात नाही.
मातीत घासून घासून मिटलेले कान ते,
त्यात करंगळीसुद्धा जायची नाही.
पोरगी हसली, तोही हसला,
शेवटी चिकटपट्टी लावली.
इथे कुणी हसलं नाही.
आमच्यातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांनी
हळूच आपापला कान चाचपला.

पहिले दोन प्रश्न त्यानं जाऊ दिले.
तिसऱ्याला बटण दाबलं,
असं दाबलं की टेबल हललं, गोलकीपरचं पाणी सांडलं.
गेणसु. बेरो, कांडवो?
रताळं. मूळ की खोड?
मागनं काशव्वा म्हणाली, मधीच कांदा कुठनं आला?
आणि सगळं गाव सुटल्यासारखं हसलं.
रताळं! आम्हाला विचारूलालेत रताळं!
मष्णूनं आपल्या कन्नडात सांगितलं,
आम्हा सगळ्यांचं असतं तसल्या, बाजारापुरत्या,
खोड.
आम्ही वेल तोडून लावतो साहेब, मूळ कोण लावतं?

लाल दिवा लागला.

शाळेचे मास्तर उठून समजावू लागले,
बटाटा वेगळा, रताळं वेगळं.
कुणी ऐकलं नाही.
तो चॅनेलवाला काय रताळी लावूलालाय काय,
असं एकजण ओरडला, मग दुसरा,
मग जेवणवेळ झाली तशी खुर्च्या हलल्या.
चौथा नंबर. एक शाल, एक मिक्सर.
मष्णू जागचा हलला नाही.
दीड महिना तो एकटाच हरला होता,
आता जरा बरं वाटत असेल, सगळे मिळून.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत.
माझ्या घरी एक ढाल आहे,
नंदगडची जत्रा, सन चौऱ्याऐंशी,
मी मष्णू ढेकोळकरला चीत केल्याची.
पाहुणे आले की बायको पुसून ठेवते.
आधी माझे दोन्ही खांदे लागले होते.
पंच पलीकडच्या अंगाला, मधे धुरळा,
कुस्ती झाली म्हणून त्यानं पकड सोडली
आणि तेवढ्यात मी पालटलो.
शिट्टी वाजली.
त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं
आणि माझ्या पाठीवरची माती झटकून टाकली,
दोन्ही खांद्यांवरची, नीट, पंच वळायच्या आत.
तेव्हा कुठल्या कागदावर सही नव्हती.

गाव पांगलं.
आम्ही दोघं वायर गुंडाळतोय अंधारात,
तो त्या टोकाला, मी ह्या.
मी म्हटलं, मष्णू, ते नंदगडचं...
वायर सरळ धर, म्हणाला,
पीळ पडूलालाय.